मोरीवरची माती जरा मोरीच्या नजरेने बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रस्त्याच्या उंच भरावाखालून पाणी पलीकडे नेणारी मोरी तडकली की सगळे काँक्रीटला नावे ठेवतात. अशाच एका पाइप मोरीत मी बॅटरी घेऊन वाकत वाकत शिरलो होतो. माथ्यावर आतून सरळ लांबच लांब चीर, आणि तिच्या कडेने झिरपून वाळलेला पांढरा चुना. काँक्रीटच्या चाचणीचे क्यूब पास होते, सळई ड्रॉइंगप्रमाणे होती. चुकला होता तो वरच्या मातीचा हिशेब.

घनमीटरला सुमारे १.८ टन धरले, तर १५ मीटर भरावाखाली चौरस मीटरला २७ टन येतात. बरेच जण इथेच थांबतात. पण काँक्रीट दबत नाही आणि बाजूचा भराव खचतो. खचताना तो मोरीवरच्या मातीलाही घर्षणाने खाली ओढतो. म्हणून 'आश्टो' या महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेचे अमेरिकी निकष भरावातल्या काँक्रीट पाइपसाठी मातीच्या वजनाच्या १.३५ ते १.४५ पट भार धरतात. २७ चे ३६ ते ३९ टन होतात ते असे.

मग स्लॅब जाड करा, सळई वाढवा, हेच सुरू होते. मला हे पटत नाही. भार मुळात कमी करता येतो, आणि ही युक्ती शंभरेक वर्षांची आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले अभियंते अँसन मार्स्टन यांनी मोरीच्या माथ्यावर मुद्दाम मऊ थर ठेवायचे सुचवले. तो थर दबला की वरची माती बाजूच्या मातीपेक्षा जास्त खाली येऊ पाहते, आणि आता बाजूची मातीच तिला धरून ठेवते. कणगीतल्या धान्याचा बराचसा भार भिंती घेतात, तसेच हे. पूर्वी पेंढा वापरत, पण तो कुजतो. नॉर्वेत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून थर्माकोलचे ठोकळे वापरून मोजमापे घेतली गेली. पाइपच्या माथ्यावरचा दाब वरच्या मातीच्या वजनाच्या निम्म्याहूनही कमी भरला. घनमीटरला वीसेक किलोचा हा ठोकळा!

मात्र ठोकळे टाकले आणि काम झाले, असे नाही. माथ्यावरून हटलेला भार बाजूंना जातो. तिथली दबाई चोख हवी, भिंती आणि पाया त्या वाढीव दाबासाठी तपासायला हवेत. भूजलाचा दाब या युक्तीने तसूभरही कमी होत नाही. पेट्रोल झिरपले तर थर्माकोल विरघळतो, त्यामुळे वर न झिरपणारा पडदा लागतो. भराव कमी उंचीचा असेल तर हा नादच नको, खळगा थेट रस्त्यावर उमटेल.

उंच भरावाच्या प्रत्येक मोरीसाठी डिझाइनच्या टप्प्यावरच हा पर्याय आकडे मांडून तपासला जावा, आणि वापरलाच तर माथ्यावर दाबमापक बसवून नोंदी ठेवल्या जाव्यात, एवढी माझी मागणी आहे. थराची जागा आणि जाडी पूर्णत्वाच्या नकाशावर ठळक दाखवा. वीस वर्षांनी कोणी केबलसाठी शेजारी खोल चर खणेल, तेव्हा मोरीचा भार पेलणारी माती आपण कापतो आहोत हे त्याला कळले पाहिजे.

आपला,
एक स्थापत्य अभियंता