वैमानिकाचं तोंड न पुसणाऱ्या काकांना

प्रिय काका,

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. आपण अजून एकमेकांना पाहिलेलंही नाही. फोनवरचा आवाज आणि पार्सलवरचं ठसठशीत अक्षर, एवढीच ओळख. पण परवा खोका उघडल्यापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. फोनवर आभाराचा शब्द काढला की तुम्ही ‘अहो, त्यात काय’ म्हणून विषय बदलता. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहितोय.

विमान पोचलं. अख्खं पोचलं. मी ते टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ हात लावला नाही. पन्नाशीकडे झुकलेला माणूस साडेपंधरा सेंटिमीटरच्या प्लास्टिककडे बघत बसलाय, हे दृश्य घरच्यांना विनोदी वाटलं असणार. वाटू दे.

तुम्हाला ते तुकड्यांत मिळालं. ते तुकडे का झाले, हे मात्र मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. लाज वाटली. सुटे भाग जोडून विमानं करायचे संच विकणाऱ्या एअरफिक्स कंपनीचं ते स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाची १/७२ मापाची प्रतिकृती. खरं स्पिटफायर पहिल्यांदा उडालं ५ मार्च १९३६ ला. माझं ज्या दिवशी उडालं त्याच दिवशी पडलं. दोऱ्याने छताच्या पंख्याला बांधून बटण दाबायचं, ही कल्पना माझी. दुसऱ्या की तिसऱ्या फेरीत दोरा सुटला. पंख्याने पंख तोडला, भिंतीने पंखा, म्हणजे नाकावरचा पंखा. शेपटी कपाटाखाली सापडली. मी नऊ वर्षांचा होतो आणि तीन आठवडे खपून ते जोडलं होतं.

त्यानंतर ते खोक्यात गेलं आणि खोका माळ्यावर. गेल्या वर्षी माळा आवरताना हाती लागलं, आणि नीट करून घ्यावं अशी हुक्की आली. तिथून माझी वरात सुरू झाली.

पहिल्या गृहस्थांनी खोक्यात डोकावूनही पाहिलं नाही. ‘असलंच नवं मिळतं, मागवून टाका.’ मिळतं हो, मलाही माहीत आहे. आई आजारी पडली की नवी मागवतात का? (हे मी तोंडावर म्हणालो नाही. घरी आल्यावर सुचलं, नेहमीसारखं.) दुसरे स्वतःला मोठे जाणकार म्हणवणारे. त्यांनी अर्धा तास मला सुनावलं की मी लहानपणी लावलेला हिरवा रंग चुकीच्या छटेचा आहे. नऊ वर्षांच्या मुलाचा गुन्हा चाळीस वर्षांनी पकडला गेला. विमान मात्र त्यांनी जसंच्या तसं परत दिलं.

तिसरे सगळ्यांत वाईट, कारण त्यांनी ‘करून देतो’ म्हटलं. चार महिने ठेवलं. परत आलं तेव्हा पंख इन्स्टंट ग्लूने वाकडा चिकटवलेला, चाकाचा एक पाय गायब, आणि कॅनॉपी, वैमानिकाच्या डोक्यावरची ती काचेसारखी टोपी, दुधासारखी पांढरी. मी विचारलं तर म्हणाले, ‘जुनं प्लास्टिक आहे, असंच होतं.’ असंच होत नाही, हे मला तुमच्याकडून कळलं. त्या ग्लूची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसते आणि पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसतं. या कामाचा खरा ग्लू प्लास्टिकला किंचित विरघळवतो आणि दोन कडा एकजीव करतो. इन्स्टंट ग्लू दोघांच्या मध्ये नुसता उभा राहतो. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला काही माणसं आठवली, पण ते असो.

तुम्ही काय काय केलंत त्याची जंत्री देत नाही. वाचणाऱ्याला कंटाळा येईल आणि मला अर्धं कळलेलंही नाही. पण ‘तुमचा पंख रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलाय, घाबरू नका’ हा तुमचा मेसेज मी जपून ठेवलाय. थंडीने तो ग्लू ठिसूळ होतो आणि सांधा टक्कन सुटतो, हे नंतर समजलं. त्या रात्री मात्र मला वाटलं, काका गेले कामातून. कॅनॉपी तुम्ही टूथपेस्टने घासत बसलात, दिवसाला थोडी थोडी. माझ्या खोक्याच्या तळाशी मूळ सांगाड्याच्या काड्या होत्या, ज्यांतून सुटे भाग मोडून काढतात त्या. मी त्या कचरा म्हणून काढून टाकणार होतो. तुम्ही त्यांतल्या दोन काड्यांचे बारीक तुकडे करून ग्लूमध्ये विरघळवले आणि त्या लगद्याने पंखाची भेग भरलीत. म्हणजे विमानाची जखम विमानाच्याच मांसाने भरली. अँटेनाची तारसुद्धा अशाच एका काडीची, मेणबत्तीवर मऊ करून केसाएवढी बारीक ओढलेली.

हे सगळं कसब झालं. कसबी माणसं शोधली तर सापडतात. पत्र त्यासाठी लिहीत नाहीये.

पत्र त्या एका फोनसाठी आहे. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. तुम्ही म्हणालात, ‘उद्या कॅनॉपी चिकटवतोय. एकदा ती बसली की आत हात घालता येणार नाही, म्हणून आधी विचारतो. वैमानिकाच्या तोंडाला लाल रंग आहे. रंग नाही, नेलपॉलिश आहे. पुसू का?’

मी गप्प झालो. तुम्हाला वाटलं, लाइन गेली.

काका, तो लाल रंग मला ठाऊक होता. १/७२ मध्ये सहा फुटांचा माणूस एक इंचाचा होतो, आणि हा तर बसलेला. त्याचं तोंड ते केवढं. पण पडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते तोंड पाहिलं होतं आणि मला ते रक्त वाटलं होतं. खरं रक्त नव्हे हे कळायचं वय होतं, तरी वाटलं. माझ्यामुळे तो मेला, असं धरून मी खोका बंद केला. विमान परत न जोडण्याचं खरं कारण तेच होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तिसऱ्या गृहस्थांनी तो रंग पाहिलाही नसेल, आणि पाहिला असता तर न विचारता खरवडला असता.

तुम्ही पुढे म्हणालात, ‘नेलपॉलिशमधलं द्रावण हे प्लास्टिक खातं. त्याने तोंडाच्या कडा जरा विरघळून वर सरकल्यात. भिंगातून बघितलं तर गडी हसतोय. कुणीतरी मुद्दाम काढलंय हे, काडीच्या टोकाने. चुकून सांडलेलं नाही. म्हणून म्हटलं, विचारावं.’

घरात नेलपॉलिश फक्त ताईकडे असायची.

ताईला फोन केला. आमचं बोलणं हल्ली सणावाराचं आणि औषधांचं. तिला विमान आठवायला वेळ लागला, मग एकदम हसायला लागली. ‘अरे, ते मीच! तू दोन दिवस कुणाशी बोलत नव्हतास. काच निखळलेलीच होती. म्हटलं, तू नाही तर निदान हा तरी हसू दे. तू बघशील आणि विचारशील म्हणून वाट बघत होते. तू खोकाच बंद केलास, मग मला वाटलं तुला राग आला. म्हणून बोलले नाही.’

मी तिला रक्ताचं सांगितलं. मग दोघंही बराच वेळ हसलो, आणि नंतर ती म्हणाली, ‘वेडा आहेस’, आणि तिचा आवाज जरा बदलला होता.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला एवढंच कळवलं, ‘पुसू नका.’ तुम्हीही एवढंच लिहिलंत, ‘बरं.’ का, असं विचारलं नाहीत. त्या ‘बरं’साठीही आभार.

हल्ली माझ्या मनात सारखं येतं, तुमच्याकडे भिंग होतं म्हणून ते दिसलं असं नाही. भिंग तर त्या दुसऱ्या जाणकारांकडेही होतं, त्यातून त्यांनी माझ्या चुका मोजल्या. तुम्हाला तीच लाल टिकली दिसली आणि आधी प्रश्न पडला की ही कुणाची तरी असेल का. चांगुलपणा म्हटलं की आपल्याला कुणीतरी पाण्यात उडी टाकून वाचवलेलं आठवतं. त्यात चूक नाही. पण मला आयुष्यात पाण्यात पडायची वेळ आलेली नाही, माझ्या वस्तूंना आणि माणसांना न विचारता हात लावणारे मात्र रोज भेटतात. दवाखान्यात भेटतात, कचेरीत भेटतात, आणि खरं सांगायचं तर आरशातही भेटतात. मुलीच्या खोलीतला पसारा मी गेल्याच महिन्यात ‘आवरून’ टाकला होता. तिच्याशी त्यावर बोललो. तेवढं बोलणं तुमच्या खात्यावर जमा करा.

ताईला फोटो पाठवला. तिने मोठा करून पाहिला आणि लिहिलं, ‘ओठांचा आकार अजून जमायला हवा होता.’ पुढच्या महिन्यात ती येतेय, विमान बघायला. मला नाही, विमान.

एक कबुली द्यायची राहिली. काल धूळ झटकायला म्हणून रुमाल फिरवला आणि तुम्ही ओढलेली ती अँटेनाची तार माझ्या हातून तुटली. तुम्हाला पार्सल परत पाठवणार नाही. तुम्ही परत पाठवलेल्या काड्यांपैकी तीन डबीत उरल्या होत्या, आणि मेणबत्ती टेबलावर आणून ठेवलीय. एक काडी जाळून झाली, दुसरी ओढताना मधेच तुटली. तिसरीला हात लावण्याआधी विचारतोय: ज्योतीपासून किती वर धरायची?

तुमचा,
स्पिटफायरवाला