बीपीच्या गोळीतला ‘एच’ कुणी समजावून सांगतं का?

मा. संपादक,

आपल्या आरोग्य पुरवणीत परवा बीपीवर पूर्ण पान होतं, मीठ कमी करा, चाला, टेन्शन घेऊ नका सगळं आलं, पण लघवीच्या गोळीबद्दल एक ओळ नाही आणि आमच्याकडे अकोल्यात खरा घोळ तिथेच आहे.

कितीतरी जणांच्या स्ट्रिपवर टेल्मिसार्टन या बीपीच्या औषधाच्या नावापुढे एच असतं. तो एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, हीच ती लघवीची गोळी, बहुतेक वेळा १२.५ मिलिग्रॅम. किडनीवाटे मीठ आणि त्यासोबत पाणी बाहेर काढते, पुढे काही आठवड्यांत रक्तवाहिन्याही सैलावतात म्हणून बीपी उतरतं. औषध वाईट नाही हो, स्वस्त आहे आणि चांगलं आहे. २००२ साली अमेरिकेतल्या ऑलहॅट या ३३ हजारांवर पेशंटच्या अभ्यासात याच प्रकारातली जुनी क्लोरथॅलिडोन नव्या महागड्या गोळ्यांच्या तोडीस तोड ठरली होती.

पण आमच्या बायका काय करतात, लग्नाला एसटीने जायचं म्हटलं की त्या दिवशी गोळीच घेत नाहीत, कारण स्टँडवरच्या संडासात पाय ठेववत नाही. लग्नसराईत तर आठवड्यातून दोन-तीनदा असं होतं. एवढ्या कमी डोसला सारखी लघवी बहुतेक सुरुवातीचे काही दिवसच होते नंतर कमी होते, हे कुणी सांगितलं तर निम्मी भीती जाईल. आणि गोळी सकाळी घ्यायची, रात्री घेतली तर उठाउठी होणारच.

दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या, मे महिन्यात दोन दिवस जुलाब झाले, गोळी मात्र न चुकता चालू, वर मीठ जवळजवळ बंद केलेलं. तिसऱ्या दिवशी कुकर गॅसवर ठेवून गॅस लावायलाच विसरल्या, मला वहिनी म्हणायला लागल्या. शेजारचे म्हणे ऊन लागलं, कांद्याचा रस लावा. दवाखान्यात नेलं तर रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, ११८ वर उतरलेलं, नॉर्मल १३५ ते १४५ असतं, डोक्याचा गोंधळ त्यानेच झालेला. चार दिवस ॲडमिट होत्या. गोळी सुरू करताना रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि किडनीचं काम कळायला क्रिएटिनिन तपासा आणि काही आठवड्यांनी परत तपासा, वयस्कर माणसाला तर नक्कीच, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, तोवर आम्हाला कुणी बोललंच नव्हतं.

शिवाय गुडघे दुखले की मेडिकलमधून पेनकिलर आणून खाणारे घरोघरी आहेत. टेल्मिसार्टन, एच आणि वरून ती पेनकिलर, तिन्ही एकत्र आल्या की किडनी गोत्यात येऊ शकते. युरिक ॲसिड वाढून पायाचा अंगठा सुजतो तेही या एचच्या गोळीने होऊ शकतं.

तर विनंती अशी की बीपीची फुकट शिबिरं घेणाऱ्यांनी नुसता आकडा लिहून देऊ नये, चिठ्ठीवर मराठीत दोन ओळी लिहाव्यात, रक्त कधी तपासायचं आणि जुलाब-उलट्या झाल्या तर गोळी थांबवायची का हे कुणाला फोन करून विचारायचं. आपणही पुरवणीत एखाद्या फिजिशियनकडून यावर लिहून घ्या, शक्यतो उन्हाळ्याच्या आधी.

एक वाचक, अकोला