नाल्याचं पाणी तपासता, गाळही तपासा

संपादक महोदय,

मी घणसोलीत राहतो. रबाळे एमआयडीसीतल्या एका प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा चढवायच्या, कारखान्यात २८ वर्षं काढली. आधी नट-बोल्टांवर कॅडमियम चढवायचो, पुढे झिंक आणि क्रोम. जोराचा पाऊस लागला की रात्रपाळीत वॉशच्या, म्हणजे माल धुवायच्या, टाकीचा व्हॉल्व्ह नाल्याकडे उघडायचा, असा आमच्याकडे रिवाजच होता. मीही तो उघडलाय. सगळं खाडीला वाहून जातं, असं आम्ही धरून चालायचो. तसं होत नाही. बराचसा धातू गाळात बसतो, आणि तो कुजत नाही.

यंदा पहिल्या पावसात त्याच नाल्याकाठच्या डबक्यात बेडकांचे पिवळेधमक नर रात्रभर ओरडत होते. पारसिक डोंगराच्या पायथ्याशी खडकात साचलेल्या पाण्यातही त्याच आठवड्यात अंडी दिसली. नागपंचमीपर्यंत तिथली पिल्लं शेपटी जिरवून गवतात उड्या मारायला लागली. नाल्याकडची गोकुळाष्टमीलाही पाण्यातच. मगात एक धरून पाहिलं. पोट टम्म, मागचे पाय मोहरीएवढे. आठवड्याभराने उघडीप पडली, डबकं आटलं आणि सगळी चिखलात वाळून गेली.

हा पुरावा नव्हे, हे मला कळतं. पण माझी बायको रोज उपाशीपोटी थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या हार्मोनची, गोळी घेते. तेच हार्मोन बेडूकमाशाचा बेडूक करतं. पाय फुटणं, शेपूट जिरणं, कल्ले जाणं, आतडं आखूड होणं, सगळं त्याच्याच हुकमाने. १९१२ मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना घोड्याची थायरॉईड ग्रंथी खाऊ घातली, तर ते वेळेआधीच इवलेसे बेडूक झाले. कॅडमियम, शिसं, पारा हे धातू या हार्मोनच्या कामात अडथळा आणतात. थायरॉक्सिनला जोरकस रूप देणाऱ्या एन्झाइममध्ये सेलेनियम असतं, आणि पारा नेमका त्यालाच जाऊन चिकटतो. शिवाय बरेचसे बेडूकमासे तळाचं शेवाळ आणि गाळ खरवडून खातात. म्हणजे आम्ही सोडलेलं सगळं थेट त्यांच्या पोटात.

प्रदूषण नियंत्रण मंडळाचा पाणी गुणवत्ता निर्देशांक विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन), पीएच (आम्लतेचं माप) आणि विष्ठेतले जंतू यांवर निघतो. त्यात एकही धातू नाही. २०१७ मध्ये तळोज्याची, कारखान्याच्या रंगाने निळी झालेली कुत्री साऱ्या देशाने पाहिली, कारण निळा रंग डोळ्यांना दिसतो. पाण्यात विरघळलेल्या कॅडमियमला रंग नसतो.

मंडळाला आणि महापालिकेला माझी विनंती आहे. जुलै-ऑगस्टमध्ये, बेडूकमासे पाण्यात असताना, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या नाल्यांचा आणि कडेच्या डबक्यांचा गाळ धातूंसाठी तपासा आणि आकडे जाहीर करा. व्हॉल्व्ह कुठे होता, पाणी कुठल्या वळणावर थांबतं, ते मला ठाऊक आहे. बोलावतील त्या दिवशी जागा दाखवायला येईन.

— एक निवृत्त प्लेटर, घणसोली, नवी मुंबई