बाबा, वास सापडला

क्वार्ट्झसाइट, अ‍ॅरिझोना
६ एप्रिल

तीर्थरूप बाबांस आणि सौ. आईस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी खुशाल आहे. हे आधी लिहितो, कारण मागच्या वेळी फोनवर आईचा आवाज बदलला तो मला कळला. मी दमलेलो होतो. ‘मी राहतो त्या गाडीत घाण वास येतोय, कुठून येतोय सापडत नाही’ असं बोलत होतो आणि रेंज गेली. इथे रात्रीचे आठ म्हणजे तुमच्याकडे दुसऱ्या दिवशीची सकाळ. तुमचा पुढचा सगळा दिवस कसा गेला असेल ते धाकटीने नंतर कळवलं. आई जेवली नाही, आणि बाबा संध्याकाळपर्यंत कागदावर पाइपांची चित्रं काढत बसले होते. म्हणून हे सविस्तर पत्र. फोनवर सांगितलं तर आई मध्येच रडेल आणि बाबांना हवे ते तपशील राहून जातील.

आई, तो वास गॅसचा नव्हता. आपल्या सिलिंडरसारखाच इथल्या प्रोपेनलाही मुद्दाम कुजकट वास मिसळतात, म्हणून पहिली शंका मलाही तीच आली. मी टाकी बंद केली, दारं-खिडक्या उघडल्या आणि तू करायचीस तसंच साबणाचा फेस करून प्रत्येक जोडाला लावला. एकही बुडबुडा आला नाही. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून गाडीत जमिनीलगत एक यंत्र बसवलेलं असतं, गळती झाली की ते ओरडतं. ते चालू आहे, मी दर महिन्याला तपासतो.

वास होता टाक्यांचा. मोटरहोमच्या पोटात तीन टाक्या असतात हे तुम्हाला माहीत आहे. चांगल्या पाण्याची एक, सिंक आणि अंघोळीच्या सांडपाण्याची दुसरी, तिला ग्रे टँक म्हणतात, आणि संडासाची तिसरी, ती ब्लॅक टँक. माझी ब्लॅक टँक सुमारे १२० लिटरची आहे. तिच्याबद्दल इथली एक रीत मात्र तुम्हाला नीट सांगायला हवी, कारण मलाही ती पहिले दोन महिने पटत नव्हती.

गाडी अशा गाड्यांच्या पार्कमध्ये उभी केली की जागेवरच ड्रेनेजचं तोंड असतं. तीन इंची जाड नळी जोडायची, झालं. मग आपल्याला वाटेल, व्हॉल्व्ह उघडा ठेवावा, जे पडेल ते निघून जाईल, साठवायचं कशाला? इथे कोणीही तसं करत नाही, आणि नवख्याने केलं तर शेजारी येऊन सांगतात. व्हॉल्व्ह उघडा राहिला तर पाणी तेवढं वाहून जातं आणि घट्ट मळ संडासाच्या बरोबर खाली साचतो, सुकतो, त्याचा ढीग होतो. मग तो कशानेच हलत नाही. म्हणून व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, दर वेळी भरपूर पाणी सोडायचं, टाकी दोनतृतीयांश भरू द्यायची आणि मग एकदम सोडायची, की सगळं जोराने धुऊन निघतं. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळीही धुतली जाते. कागदसुद्धा निवडून घेतात. बरणीत पाणी घालून त्यात तुकडा टाकायचा, हलवायचा, विरघळला तरच तो घ्यायचा. आणि हे सगळं प्रत्येकजण स्वतः करतो. शेजारी एक निवृत्त शाळामास्तर होते, मिनेसोटाचे, ७४ वर्षांचे. हिवाळ्यात थंडी चुकवायला उत्तरेकडचे असे हजारो म्हातारे आपापल्या गाड्या घेऊन इथे वाळवंटात येतात. एरवी गावाची वस्ती अडीच हजारांच्या आत. संध्याकाळी शेकोटीभोवती बसलं की नाव-गाव विचारून झाल्यावर टाक्यांचीच गोष्ट निघते. कोणाला संकोच नाही. गुडघेदुखीबद्दल बोलावं तसं बोलतात.

‘माझो झील थंय जावन संडास उपसता?’ असं तू धाकटीजवळ म्हणालीस. आई, मी हातमोजे घालतो, नळी जोडतो, खटका ओढतो, हात दोनदा धुतो. दहा मिनिटांचं काम आहे. आणि कणकवलीच्या घरात याचं वाईट वाटावं का? अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावं म्हणून अन्नसत्याग्रह केला, येरवड्यात गांधीजींनी त्यांच्यासाठी उपास धरला, हे आजोबांनीच आम्हाला सांगितलं ना? अप्पासाहेबांच्या गोपुरी आश्रमात जाऊन मैल्याच्या सोनखताचा खड्डा कसा भरायचा ते आजोबा शिकून आले होते, आणि आपल्या परसातली पहिली केळ त्याच खतावर वाढली होती. मी त्यांचाच नातू आहे.

आता बाबांसाठी.

वास दिवसभर नव्हता. दुपारी ऊन तापलं की यायचा (इथे एप्रिलमध्येच पारा ३२-३३ वर जातो), आणि छताचा पंखा लावला की वाढायचा. आधी मी गार आणि गरम पाण्याचे दोन ग्लास भरून हुंगले, कारण कधीकधी गीझरच्या टाकीतल्या पाण्यालाच सडक्या अंड्यांचा वास येतो. दोन्ही स्वच्छ. मग संडासाच्या भांड्यात रात्री पाणी ठेवून पेन्सिलने खूण केली. या भांड्याला आपल्यासारखा वाकडा पाइप नसतो, तळाला एक झाकण असतं आणि त्यावर उरलेलं दोन बोटं पाणीच टाकीतला वास अडवतं. सकाळी भांडं कोरडं होतं. इथलं पाणी फार जड, झाकणाच्या रबरी सीलवर क्षार बसून तिथे फट पडली होती. व्हिनेगर लावून पुसलं, सिलिकॉनचं ग्रीस लावलं, दुसऱ्या दिवशी पाणी खुणेवर राहिलं. वास अर्धा झाला, गेला नाही.

मग अंघोळीच्या जागेचा ट्रॅप, म्हणजे पाणी धरून वास अडवणारा तो वाकडा पाइप. मी पार्कच्या न्हाणीघरात अंघोळ करतो, त्यामुळे गाडीतला वापर नाही, आणि या कोरड्या हवेत ट्रॅपमधलं पाणी उडून गेलेलं. पाणी सुकलं की टाकीतली हवा सरळ वर. तांब्याभर पाणी ओतलं आणि ते कोडं सुटलं. ओतताना मला आपल्या मुंबईहून परत आल्यावरच्या रात्री आठवल्या. दार उघडलं की आई आधी देवाजवळ दिवा लावायची आणि तुम्ही आधी नहाणी ट्रॅपमध्ये पाणी ओतायचे.

तिसरं सिंकखाली. ओट्याच्या सांडपाण्याच्या पाइपाला तिथे एक एकेरी झडप असते. पाणी जाताना हवा आत घेते, बाहेर सोडत नाही. तिच्यातलं रबर उन्हाने कडक होऊन उघडंच राहिलं होतं. ग्रे टँकचा वास ब्लॅकपेक्षा आंबट आणि वाईट येतो, कारण तिच्यात तेल, डाळीचं पाणी, खरकटं जातं. माझ्या फोडण्यांचंच ते. झडप पाच-सहा डॉलरला मिळते, हाताने फिरवून बसते. आता ताटं पुसूनच धुतो.

एवढं करूनही दुपारचा वास उरलाच. आणि तेव्हा तुमचा प्रश्न आठवला. रेंज जायच्या आधी तुम्ही विचारलं होतं, ‘व्हेंट पाइपाचा सांधा भिंतीच्या आत आहे का रे?’ मी ‘हो, असेल’ म्हणून पुढे बोलत राहिलो. माझं चुकलं. बांधकाम खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस विचारतोय, तर थांबून ऐकायला हवं होतं. टाकीत हवा नसली की जे जंतू वाढतात ते गंधकाचा वायू सोडतात, आणि तो छतावरून निघून जावा म्हणून हा पाइप. आपल्या सेप्टिक टँकच्या पाइपावर जाळी बांधताना मी शिडी धरून उभा असायचो, तसाच. पण इथे तो कपाटामागून जातो, दिसत नाही.

मास्तरांनी जुन्या प्लंबरांची एक युक्ती सांगितली. पेपरमिंटचं तेल आणि गरम पाणी छतावरून व्हेंटमध्ये ओतायचं, आणि आत बसलेल्याने हुंगायचं. पेपरमिंटचा वास जिथे येईल तिथे भेग. अट एकच, ज्याने तेल हाताळलं त्याने आत यायचं नाही, नाहीतर त्याच्याच कपड्यांचा वास पसरतो. ते स्वतः शिडीने वर चढले, मी नको म्हणत असताना. मी खिडक्या बंद करून, छताचा पंखा लावून आत बसलो. चार-पाच मिनिटांत कपड्यांच्या कपाटात पेपरमिंट घमघमलं, अगदी वाणसामानाच्या दुकानात बरणी उघडल्यावर यायचा तसं. माझे डोळे भरून आले, बाबा. तेलाचं निमित्त झालं असेल. मास्तर अर्धा तास उन्हात बाहेर थांबले होते.

कपाटाची मागची फळी काढली. तुम्ही म्हणालात तिथेच, गाडीच्या हादऱ्यांनी सांधा सुटून पाइप बोटभर खाली घसरला होता. पंखा आतली हवा बाहेर ओढायचा आणि तिची जागा घ्यायला त्या फटीतून टाकीतली हवा आत यायची, म्हणून पंखा लावला की वास वाढायचा. नवा कपलर, सोल्यूशन, आणि पाइप परत घसरू नये म्हणून भिंतीला पट्टी. आज सहावा दिवस. दुपारी दोन वाजता, सगळं बंद करून, पंखा लावून बसलो होतो. काहीही नाही. तुमचं चित्र धाकटीने फोटो काढून पाठवलं ते मी त्याच कपाटाच्या आत चिकटवलं आहे.

जेवण नीट होतं. कोकम आणि कुळथाचं पीठ जूनपर्यंत पुरेल. एकटा आहे असं काकांनी म्हणू नये, इथे रोज कोणी ना कोणी दार वाजवतं. मात्र मास्तर परवा उत्तरेला निघाले.

गाडीत राहतो ते हौसेने नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या कामाची सोलरची साइट दर काही महिन्यांनी बदलते, आणि महिन्याला सातशे डॉलरच्या आसपास भाडं वाचतं. त्यातलेच चार लाख बाबांच्या खात्यावर टाकले आहेत. धाकटीच्या लग्नाचा हॉल आणि जेवणावळ त्यात व्हावी. कमी पडले तर मला सांगा, आईच्या पाटल्यांना हात लावू नका. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लग्न झाल्यावर लगेच करायचं, त्याचे वेगळे पाठवीन.

लग्नाला मी येऊ शकत नाही. चार वेळा खोडून शेवटी सरळ लिहिलं. मेमध्येच प्लांट सुरू होतोय, आणि गेलो तर व्हिसाच्या शिक्क्यासाठी किती महिने अडकेन सांगता येत नाही. धाकटीला मी अजून बोललेलो नाही. ती ‘चालेल रे दादा’ म्हणेल, ते ऐकवणार नाही मला. मामाला कानपिळीला उभं करा, आणि त्याला सांगा की जोरात पिळ, ती माझी जागा आहे.

तिथेच राहणार का, असं बाबांनी विचारलं होतं. इथल्या स्मशानात एका उंटवाल्याचं थडगं आहे, हाजी अली. अमेरिकेच्या सैन्याने उंट आणले तेव्हा, १८५६ साली, सीरियाकडून आला. लोकांना नाव जमेना म्हणून त्याचा ‘हाय जॉली’ झाला, आणि १९०२ साली इथेच गेला. वर दगडांचा पिरॅमिड आणि धातूचा उंट आहे. मी रविवारी तिकडे फिरायला जातो. नाही राहणार, बाबा. घराचं कर्ज फिटू दे.

सावंतवाडीच्या स्थळाबद्दल माझी हरकत नाही. पण त्यांना मी गाडीत राहतो हे आधी सांगा, टाक्यांसकट सांगा. लपवून पुढे जाऊ नका.

काकू-काकांना नमस्कार, धाकटीला खूप आशीर्वाद.

तुमचा,
दादा

ता. क. आई, वरच्या माझ्या खोलीची न्हाणी दोन वर्षं कोणी वापरलेली नाही. पाहुणे यायच्या आधी, आणि नंतरही दर आठवड्याला, तिथे तांब्याभर पाणी ओतत जा.