विसाव्या लेव्हलपर्यंत नेणाऱ्या आमच्या डीएमला

ताई,

तुझे समोरासमोर आभार मानायला गेलं की तू "पुरे, फासे आवर आता" म्हणतेस. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय. इतर वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: ताई आमची डन्जन मास्टर (डीएम), म्हणजे गोष्ट रचणारी आणि खेळ चालवणारी. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत आणि फासे टाकत खेळायचा खेळ. त्यातलं आमचं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चाललेली एक सलग गोष्ट, तिने पहिल्या लेव्हलपासून विसाव्या लेव्हलपर्यंत नेलं आणि नीट संपवलं. खेळणाऱ्यांना यातलं 'संपवलं' हेच जास्त नवलाचं वाटेल.

कॅम्पेन सुरू करणारे पुष्कळ असतात. दहाव्या-बाराव्या लेव्हलच्या आसपास मात्र टेबलं थंडावायला लागतात. छापील साहसंही बरीचशी तिथेच कुठेतरी आटोपतात. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत दुसऱ्या लेव्हलला ३०० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात आणि विसाव्या लेव्हलला ३,५५,०००. पण अडतं ते या आकड्यापाशी नाही, डीएमपाशी. तिसऱ्या लेव्हलच्या पार्टीला (पात्रांच्या टोळक्याला) दरी ओलांडायची तर दोर लागतो. तेराव्या लेव्हलची पार्टी टेलिपोर्ट हा स्पेल (मंत्र) टाकते आणि निघून जाते. तू खपून आखलेला घाट, त्यातली दरोडेखोरांची टोळी, तो मोडका पूल, सगळं आमच्या एका वाक्यात मागे पडायचं. खुनाचं रहस्य रचावं, तर आमचा क्लेरिक (दैवी मंत्र टाकणारा पुजारी) सरळ प्रेतालाच विचारायचा. मेलेले परत यायचे, बंद दारं उघडायची, आणि पुढच्या वेळी आम्ही कुठल्या जगात असू याचा आम्हालाच पत्ता नसायचा. सेशन संपताना "पुढे कुठे जाणार ते आज सांगा, नाहीतर घरी सोडणार नाही" असं तू दटावायला लागलीस ते तेव्हापासून. तो नियम मी प्रत्येक नव्या डीएमला सांगतो.

या अडचणीवरचा जुना उपाय म्हणजे खेळाडूंची ताकदच काढून घेणं. या खेळाच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने टूम ऑफ हॉरर्स हे थडग्यातलं साहस १९७५ मध्ये ओरिजिन्स संमेलनात खेळवलं, पुढे १९७८ मध्ये ते छापून आलं. एथिरियल, म्हणजे अशरीरी, होऊन भिंतीतून निसटू पाहणाऱ्यांमागे तिथे डिमन लागतात. हिरव्या सैतानाच्या उघड्या तोंडात जो शिरेल तो कायमचा संपतो, सेव्हिंग थ्रो (बचावाचा फासा) वगैरे काही नाही. (त्याच थडग्यात रॉब कुंट्झ या खेळाडूच्या रॉबिलार या पात्राने स्वतःऐवजी ऑर्क पुढे धाडले आणि शेवटच्या दालनातला माल उचलून तो सटकला. आमच्या पार्टीतली चोर म्हणजे चिमणी, तिचं हे दैवत.) १९८० च्या क्वीन ऑफ द डीमनवेब पिट्समध्ये लॉल्थ या डिमन राणीच्या जगात पाऊल टाकलं की तुमचे कितीतरी स्पेल वेडेवाकडे चालतात किंवा चालतच नाहीत. आणि खुद्द लॉल्थचे हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) ६६! आमच्या पॅलाडिनने (शपथबद्ध योद्ध्याने) तेवढे एका फेरीत उडवले असते.

तू ते केलं नाहीस. सोळाव्या लेव्हलला आम्ही लिचच्या, म्हणजे मरूनही जिवंत राहिलेल्या एका जादूगाराच्या, तिजोरीशी पोचलो. चिमणीच्या स्टेल्थची (लपून वावरायच्या कौशल्याची) बेरीज तोवर २५ च्या खाली जाऊच शकत नव्हती. रिलायबल टॅलेंटमुळे फासा दहाच्या खाली मोजायचा नाही, वर डेक्स्टेरिटी (चपळाई) आणि एक्सपर्टीज (त्या कौशल्यातलं प्रावीण्य) मिळून पंधरा. दुसऱ्या एखाद्या डीएमने तिथे जादू बंद पाडणारं अँटिमॅजिक फील्ड पसरलं असतं, भिंतींना डोळे लावले असते. तू फासा हातातसुद्धा घेऊ दिला नाहीस. "तू आत आहेस. कुणाला कळलेलं नाही. समोर एक तराजू आहे." एका पारड्यात लिचचा फिलॅक्टरी (त्याचा जीव ठेवलेली वस्तू; ती शाबूत असेतो तो परत येतो), दुसऱ्यात एक खडा, आणि त्या खड्यात पॅलाडिनच्या भावाचा कोंडलेला आत्मा. एक उचललं की दुसरं खालच्या वितळलेल्या धातूत पडणार, आणि फिलॅक्टरीला त्या धातूने काही होत नाही, तो फक्त हातचा जातो, हेही तू आधीच सांगितलंस. लपवलं काहीच नाहीस. २५ स्टेल्थचा तिथे काय उपयोग?

चिमणीने खडा उचलला. आम्हाला वाटलं, पॅलाडिन तिला मिठी मारेल. त्याने सूडाची शपथ घेतलेली होती, त्याला लिच हवा होता. तो तिच्याशी बोलेना. भाऊ परत आला आणि त्यानंतर आमच्या पार्टीतली दोन माणसं पुढची कितीतरी सेशन्स एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलत होती. तो लिच मग दोनदा मरून परत आला, आणि दर वेळी पॅलाडिन चिमणीकडे नुसता बघायचा. एवढं सगळं तू एका तराजूत उभं केलंस. त्या दिवशी आमच्यातल्या कुणाचाही एक हिट पॉइंटसुद्धा गेला नव्हता.

आणि गुड्गू. ताई, गुड्गूबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र होणार नाही.

पहिल्या लेव्हलच्या गुहेत आम्ही पकडलेला गॉब्लिन, सात हिट पॉइंटचा. त्याला मारायचं की सोडायचं यावर आम्ही तासभर भांडलो आणि शेवटी स्वयंपाकाला ठेवला. दहाव्या लेव्हलला आम्हाला किल्ला मिळाला तेव्हा त्याचा कारभार बघायला कुणालाच वेळ नव्हता, म्हणून गुड्गू किल्लेदार झाला. सतराव्या लेव्हलला लिचने त्याच्यावर डिसइंटिग्रेट टाकला. मागे उरली राख. आम्ही हळहळलो, पण खरं सांगायचं तर घाबरलो नाही, कारण नियम पाठ होते. राख झालेल्याला परत आणायला ट्रू रिझरेक्शन किंवा विश (मागितलेलं घडवणारा स्पेल) लागतो, आणि आमच्याकडे दोन्ही होते. क्लेरिकने २५,००० सुवर्णमुद्रांचे हिरे मांडले. त्याच स्पेलमधली एक अट आम्ही कायम उडत उडत वाचत आलो होतो: आत्मा मोकळा हवा आणि यायला राजी हवा.

तू गुड्गूच्या आवाजात म्हणालीस, "मालक, आता नको."

आम्ही समजूत घातली. किल्ला, पदवी, लिचचा सूड, सगळं देऊ केलं. तो म्हणाला, तुम्ही सगळे भाल्याने मरत नाही, आगीने मरत नाही, आणि तुमच्या आजूबाजूची माणसं मात्र तुमच्या वाटचं मरतात. मी एकदा मेलो, पुरे झालं. एवढं बोलून त्याने क्लेरिकला कोठीच्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगितलं. माझ्या विझर्डकडे विश होता. जगातला सर्वांत ताकदवान स्पेल, आणि मी पात्राच्या शीटवरच्या त्या ओळीकडे बघत बसलो. दुसऱ्या स्पेलची नक्कल सोडून काही वेगळं मागितलं तर तो कायमचा गमावण्याची शक्यता ३३ टक्के, हे गणित मी कित्येकदा करून ठेवलं होतं. पण ज्याला यायचंच नाही त्याला ओढून आणावं का, याचं गणित पुस्तकात नव्हतं. नाही टाकला.

लोक मोठ्या लेव्हलच्या गोष्टी सांगतात त्या आकड्यांच्या असतात. मेटिअर स्वॉर्मचे चाळीस फासे, ६७६ हिट पॉइंटचा टॅरास्क राक्षस. १९८८ मध्ये शंभराव्या लेव्हलपर्यंतच्या पात्रांसाठी एक साहस निघालं होतं, त्याची बढाई अजून ऐकू येते. आकड्यांची मजा मलाही आहे. आपल्या शेवटच्या लढाईत लिचचे तीन लेजंडरी रेझिस्टन्स (हुकलेला बचाव यशस्वी ठरवायच्या संधी) संपवताना मी खुर्चीवर उभा होतो, हे तू कुणाला सांगायची गरज नाही. पण ती लढाई कशी झाली ते मला आता तुटक तुटक आठवतं. तराजू आणि गुड्गू शब्दन् शब्द आठवतात.

यामागे तुझं काम किती होतं ते आम्हाला उशिरा दिसलं. पाच जणांच्या शीटवरचे सगळे स्पेल तुला आमच्याहून चांगले पाठ होते. माझा सिम्युलॅक्रम (स्पेलने बर्फातून घडवलेली माझी नक्कल) आणि मी असे दोन विझर्ड एकाच फेरीत खेळायला लागलो तेव्हा तू तो बंद केला नाहीस. त्या बर्फाच्या पुतळ्याला एक दिवस विचारायला लावलंस, "मी वितळल्यावर तू मला आठवशील का?" त्यानंतर मीच तो स्पेल टाकायचा थांबलो. हे तुझं कसब की तुझा दुष्टपणा, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

पहिल्या पिढीचे खेळाडू त्यांच्या स्पेलमधून अजून भेटतात. मॉर्डेनकायनेन हे गायगॅक्सचं स्वतःचं पात्र होतं, टेन्सर हे त्याच्या मुलाच्या, अर्नेस्टच्या नावातली अक्षरं फिरवून झालेलं, आणि बिग्बी तर मॉर्डेनकायनेनच्या हाताखालचा माणूस. आज कुठल्याही टेबलावर कुणीतरी टेन्सरची तरंगती तबकडी मागवतं. तू हे आम्हाला कॅम्पेनच्या सुरुवातीला सांगितलं होतंस, आणि शेवटच्या दिवशी विचारलंस की तुमच्यापैकी कुणाचं नाव मागे ठेवायचं. पॅलाडिन आणि चिमणी कितीतरी काळाने एका सुरात बोलले. म्हणून आता तुझ्या जगातला पहिल्या लेव्हलचा प्रत्येक विझर्ड 'गुड्गूचा गरम तवा' नावाचा कॅन्ट्रिप (साधा, हवा तेव्हा टाकता येणारा स्पेल) शिकतो. नुकसान एक फासा, आणि हवं तर त्यावर भाकरी भाजता येते.

आभार मानून झाले, आता मागणी. पुढचं कॅम्पेन त्याच जगात मी चालवणार आहे आणि तू खेळायचं आहेस. पहिल्या लेव्हलचं पात्र घेऊन ये. तुझं ते जाडजूड रजिस्टर मला उसनं दे. आणि विझर्ड घेणार असशील तर सिम्युलॅक्रमबद्दल आपण आधीच बोलून घेऊ.

तुझा,
विश न टाकलेला विझर्ड