नाव बदलून ‘दिल्ली’ होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीच्या ‘एजॅक्स’ युद्धनौकेच्या जुन्या किटमधून (जोडून बनवायच्या प्लास्टिकच्या भागांच्या संचातून) भारतीय नौदलाची ‘आयएनएस दिल्ली’ कशी बनवावी, यावर अर्धे पान मजकूर होता. प्लास्टिकच्या जहाजांना मराठी वृत्तपत्रात एवढी जागा मिळाली, याचा मनापासून आनंद झाला. पण त्यातली कृती जशीच्या तशी पाळली तर हाती ‘दिल्ली’ येणार नाही, आणि वाकलेले भाग उकळत्या पाण्यात सरळ करण्याचा त्यातला सल्ला ऐकला तर ‘एजॅक्स’ही उरणार नाही. अशी किट आता सहज मिळत नाहीत. एक बिघडले की दुसरे आणता येत नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी जहाजाविषयी. लेखासोबतचे छायाचित्र माझगाव गोदीत बांधलेल्या, १९९७ साली नौदलात दाखल झालेल्या विनाशिकेचे आहे. किटशी नाते आहे ते तिच्या आधीच्या ‘दिल्ली’चे. ती ब्रिटिश लिअँडर वर्गातली हलकी क्रूझर, मूळ नाव ‘अकिलिस’. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या प्लेट नदीच्या मुखाशी ‘एजॅक्स’, ‘अकिलिस’ आणि ‘एक्सेटर’ या तिघींनी जर्मन युद्धनौका ‘ग्राफ श्पे’ला गाठले होते. भारताने ‘अकिलिस’ १९४८ मध्ये घेतली. डिसेंबर १९६१ मध्ये, गोवामुक्तीच्या कारवाईत, ती दीवसमोर उभी होती आणि १९७८ मध्ये सेवेतून निवृत्त झाली. ‘एजॅक्स’ तिची सख्खी बहीण, त्यामुळे हल (जहाजाचे मुख्य अंग) आणि एकच रुंद धुराडे दोघींचे सारखे. किट त्यासाठीच उपयोगी पडते. दुकानात मात्र नुसते ‘लिअँडर’ मागू नका. त्याच नावाच्या, कितीतरी नंतरच्या फ्रिगेटचेही एअरफिक्सचे किट आहे. त्यातून आपल्या जुन्या ‘नीलगिरी’ वर्गाची फ्रिगेट होईल, क्रूझर होणार नाही.

लेखात म्हटले आहे की राखाडी रंग द्यावा, नाव बदलावे, झाले. बहिणींमधला सगळ्यात मोठा फरक यात सुटला. ‘एजॅक्स’वर सहा इंची तोफांची चार तोफघरे होती: पुढे ए आणि बी, मागे उंचावर एक्स, त्यामागे डेकवर वाय. जानेवारी १९४३ मध्ये प्रशांत महासागरातल्या ग्वादलकनाल बेटाजवळ ‘अकिलिस’च्या एक्स तोफघरावर बॉम्ब पडला. इंग्लंडमधल्या पोर्टस्मथला झालेल्या दुरुस्तीत ते परत बसवले नाही, त्या जागी विमानविरोधी तोफा आल्या. म्हणजे भारताकडे आलेल्या जहाजावर तीन तोफघरे आणि सहा इंची सहाच तोफा होत्या. चार तोफघरांची ‘दिल्ली’ कधी अस्तित्वातच नव्हती. धुराड्यामागचा विमानफेकीचा कॅटपल्ट आणि ते छोटे सागरी विमानही ‘दिल्ली’वर नव्हते. हे तीन भाग पेटीतच ठेवा. नाही म्हणायला, एक्स तोफघर पुढे सरावासाठी कामी येते.

आता उकळत्या पाण्याविषयी. वर्षानुवर्षे पेटीत दाबून राहिलेल्या हलच्या बाजू वाकतात, हे खरे. पण किटचे प्लास्टिक पॉलिस्टायरीन असते आणि ते शंभर अंशांच्या आसपास मऊ पडते. साच्यात थंड होताना आत अडकलेला ताण उकळत्या पाण्यात एकदम सुटतो आणि बाजू सरळ होण्याऐवजी पिळवटते. तो पीळ नंतर निघत नाही. पाणी ६५ ते ७० अंशांचे घ्या. हलची बाजू अर्धा मिनिट बुडवा, सपाट काचेवर हाताने सरळ धरा आणि तशीच नळाखाली थंड करा. एका वेळी थोडाच बाक निघतो, तेव्हा दोन-तीनदा करावे लागते. घाई केली की नाळेचा (जहाजाच्या पुढच्या टोकाचा) पातळ भाग आधी जातो.

त्याआधी सगळे भाग स्प्रूवर (ज्या प्लास्टिकच्या चौकटीला ते जोडलेले येतात तिच्यावर) असतानाच कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेले तेल अंगावर राहिले तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. भाग स्प्रूवरून पिळून तोडू नका, कटरने थोडे अंतर ठेवून कापा आणि उरलेला खुंट ब्लेडने खरवडा. जुन्या साच्याच्या दोन अर्ध्यांमध्ये फट पडलेली असते, त्यामुळे कडांना प्लास्टिकची पातळ झालर येते. तीही कापायची नाही, ब्लेड आडवे धरून खरवडायची. कापायला गेले की ब्लेड भागात शिरते.

किट आधी कोणी अर्धवट जोडून रंगवले असेल तर हार्डवेअरच्या दुकानातला थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश रिमूव्हर यांपैकी काहीही जवळ आणू नका. तिन्ही पॉलिस्टायरीन विरघळवतात किंवा तडकवतात. ॲक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुटतो, एनॅमलसाठी ब्रेक ऑइल वापरतात. ते विषारी असते, म्हणून हातमोजे घाला आणि झाकण असलेल्या डब्यात भाग भिजवा. सांधा उघडायचा असेल तर भाग पिशवीत घालून दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीने सांधा ठिसूळ होतो आणि पात्याने हलकेच सुटतो.

हल डाव्या-उजव्या दोन अर्ध्यांचा आहे. जोडण्यासाठी लेखात फेविक्विक सुचवले आहे, ते इथे चालणार नाही. त्याचा थर वरवर बसतो आणि धक्क्याने तडकतो. प्लास्टिक मॉडेलचे पातळ सिमेंट दोन्ही कडा विरघळवून एकजीव करते. आधी एका बाजूच्या आतून, कडेच्या थोड्या बाहेर येतील अशा १ मिमी प्लास्टिक शीटच्या पट्ट्या दर तीन-चार सेंटिमीटरवर चिकटवा. दुसरी बाजू त्यांच्यावर बसते आणि पायरी पडत नाही. मग नाळेपासून सुरुवात करा. ३ ते ४ सेंमी दाबून धरा, ब्रशचे टोक सांध्याला टेकवा, सिमेंट आपोआप आत ओढले जाते. तेवढे घट्ट झाले की पुढचा तुकडा. एकदम सबंध लांबीला सिमेंट फिरवले की पिछाडीला दोन्ही बाजू हमखास वरखाली होतात.

डेक सिमेंट न लावता ठेवून बघा. हलच्या बाजू आत दबलेल्या असतील तर त्या बाहेर ताणणाऱ्या आडव्या पट्ट्या आतून बसवा. खरे जहाज १६९ मीटर लांब, म्हणजे किटच्या १:६०० प्रमाणात प्रतिकृती सुमारे २८.२ सेंमी भरते, आणि रुंदी जेमतेम २.८ सेंमी. एवढ्या अरुंद हलात अर्ध्या मिलिमीटरची चूकही समोरून डोळ्यांत भरते.

फटी बुजवायला बाजारची पुट्टी लागेलच असे नाही. स्प्रूचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत सिमेंटमध्ये रात्रभर विरघळवले की त्याच प्लास्टिकची घट्ट पेस्ट तयार होते. ती फटीत थोडी उंच भरा आणि पुरते दोन दिवस थांबा, कारण ती सुकताना आकसते. दुसऱ्याच दिवशी घासून सपाट केली तर आठवड्याभराने तिथे खाच दिसू लागते. मग ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासा. घासताना पोर्टहोल पुसले जातात, ते ०.५ मिमी ड्रिलने हाताने पुन्हा पाडा. त्यासाठी आधी टेपची सरळ कड लावून सुईने खुणा करून घ्या. पोर्टहोलची ओळ नागमोडी झाली तर बाकीचे सगळे काम तिच्यापुढे फिके पडते.

तपशिलाच्या कामात सर्वांत जास्त फरक पडतो तो तोफांच्या नळ्यांनी. किटमधल्या नळ्या प्रमाणापेक्षा जाड असतात, कारण साच्यात एवढे पातळ प्लास्टिक नीट भरत नाही. सहा इंची तोफेची नळी ५० कॅलिबरची, म्हणजे तोंडाच्या व्यासाच्या पन्नास पट लांब, ७.६ मीटर. आपल्या प्रमाणात १२.७ मिमी, पण तिचा मागचा भाग तोफघरात असतो. म्हणून बाहेर दिसणारी लांबी किटच्या मूळ नळीवरून मोजून घ्या. औषधाच्या दुकानातली २६ गेजची कोरी इंजेक्शनची सुई सुमारे ०.४६ मिमी जाड असते, ती इथे चपखल बसते आणि तोंडाला भोक आयतेच मिळते. चार इंची जोडतोफांच्या चार मंचांवरच्या आठ नळ्यांसाठी इन्सुलिनची ३० किंवा ३१ गेजची सुई. सुई कटरने कापली तर तोंड चेपते. छोट्या त्रिकोणी कानशीने चहूबाजूंनी खाच पाडा आणि चिमट्याने मोडा. चष्मा लावल्याशिवाय हे करू नका, तुकडा उडतो. टोकदार उरलेला भाग झाकण लावून टाका, कचरा उचलणाऱ्याच्या हातात तो जाऊ नये. धातू प्लास्टिकला चिकटवायला मात्र फेविक्विकच हवे, सुईच्या टोकावर मावेल एवढेच. जास्त झाले तर त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरी बुरशी धरल्यासारखे दिसते. पहिल्या दोन नळ्या त्या बाजूला ठेवलेल्या एक्स तोफघरावर बसवून हात बसवून घ्या.

एक्सच्या जागी उरलेले खुंटीचे भोक प्लास्टिकच्या चकतीने बंद करून घासा, तिथे विमानविरोधी तोफांचे मंच येतील. कॅटपल्टच्या जागेचेही तसेच. डोलकाठ्या, होड्या आणि वरच्या इमल्यांची मांडणी ‘दिल्ली’च्या पन्नास-साठच्या दशकांतल्या छायाचित्रांवरून करा, ‘एजॅक्स’च्या सूचनापत्रावरून नाही. डोलकाठ्या पितळी तारेच्या केल्या तर पुढे दोऱ्यांच्या ताणाने वाकत नाहीत. धुराड्याचे तोंड आतून खरवडून कड पातळ करा. पेटीतली जाड कड प्रमाणात बघितली तर अर्धा मीटर जाडीच्या पोलादी पत्र्यासारखी दिसते.

दोऱ्यांसाठी शिवणाचा धागा अजिबात नको, त्याचे केस दिसतात. स्प्रूचा सरळ तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या थोडा वर धरून फिरवत राहा. मधोमध लवू लागला की आधी ज्योतीपासून बाजूला घ्या, एक श्वास थांबा आणि मग एकसारखा ओढा. ज्योतीवरच ओढला तर तुटतो किंवा पेटतो. अशी केसाएवढी तार बसवल्यावर थोडी सैल वाटली तरी हरकत नाही. पेटलेली अगरबत्ती जवळ नेली की ती आकसून ताठ होते. टेकवू मात्र नका, क्षणात वितळते.

रंगाबद्दल लेखात वेळेचा उल्लेखच नाही. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर लॅकरचा स्प्रे मारू नये. हवेतली ओल रंगावर जमते आणि राखाडी रंग दुधाळ होतो. हे महिने जोडकामाला ठेवा. एवढ्या छोट्या प्रमाणात डब्यातला राखाडी गडद दिसतो, त्यात थोडा पांढरा मिसळून फिका करा. आधी पाण्याखालचा लाल, मग पाणरेषेचा काळा पट्टा, शेवटी वरचा राखाडी. पाणरेषा हाताने आखू नका. जहाज सपाट टेबलावर पक्के बसवा, पेन्सिल ठोकळ्याला योग्य उंचीवर बांधा आणि ठोकळा जहाजाभोवती फिरवा.

डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रे) जुने असतील तर पिवळे पडलेले असतात. कागद काचेच्या खिडकीला आतून, चित्राची बाजू उन्हाकडे करून, चार-सहा दिवस चिकटवून ठेवा. पाण्यात टाकण्यापूर्वी त्यावर चमकदार वार्निशचा पातळ हात द्या आणि नको असलेला एखादा तुकडा आधी बुडवून पाहा. जुना थर पाण्यात शकले होऊन तरंगतो, वार्निश त्याला धरून ठेवते.

पेटीतला ध्वज ब्रिटिश नौदलाचा असेल, तो ‘दिल्ली’ला लावू नका. २६ जानेवारी १९५० पासून तिच्यावर पांढऱ्या कापडावर लाल क्रॉस आणि काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात तिरंगा असलेला ध्वज होता. दीवसमोरची ‘दिल्ली’ करायची तर हाच. पातळ कागदावर दोन्ही बाजूंनी रंगवा, पातळ केलेल्या फेविकॉलने ओला करा आणि सुईच्या साहाय्याने त्याला दोन-तीन लाटा द्या. सुकला की ताठ राहतो.

पुढच्या अंकात तेवढे छायाचित्र दुरुस्त करावे, ही विनंती. वाचक त्यावरूनच मोजमाप घेतील.

आपला,
एक जहाज-प्रतिकृतिकार,
मुंबई