कोल्हापूरचा 'कोल्हा' झाला त्याची गोष्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवार पेठेत माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. भजनी मंडळं येतात, पोवाडे होतात, पण खरं पोट भरतं ते निवडणुकीच्या प्रचार-रिक्षांवर. गेल्या महिन्यात गडहिंग्लजचा एक मुलगा काम शिकायला आला. इथल्याच एका प्रशिक्षण वर्गातून त्यानं ४,००० रुपयांना 'प्रो स्क्रिप्ट पॅक'चा पेनड्राइव्ह घेतला होता. "दादा, फायलींची नावं तुटायला लागल्यात," म्हणाला. बघतो तर त्याच्या गावाचं 'गडहिंग', पन्हाळ्याचा शेवटचा काना गायब आणि कोल्हापूरचा चक्क 'कोल्हा'! मला हसू आलं, कारण हा कोल्हा माझ्याच घरचा.

साखर कारखान्याच्या एका निवडणुकीत ६० गावांच्या जाहिराती एका रात्रीत द्यायच्या होत्या. तेव्हा रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरसाठी मी लुआ या प्रोग्रामिंग भाषेत त्या पेनड्राइव्हमधली ही स्क्रिप्ट, म्हणजे कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, लिहिली. मधली शांतता कापायची आणि गावाच्या नावानं फाइल सेव्ह करायची, एवढंच तिचं काम. रिक्षातल्या प्लेअरला लांब नाव झेपत नाही म्हणून २० अक्षरांची मर्यादा घातली. चाचणी इंग्रजी नावांवर केली आणि तिथंच फसलो. लुआची मजकूर कापायची साधी आज्ञा अक्षरं मोजत नाही, बाइट (संगणकाच्या साठवणीचं छोटं माप) मोजते. इंग्रजी अक्षर एका बाइटचं. देवनागरीत मात्र प्रत्येक चिन्हाला, अगदी काना-मात्रेला आणि अनुस्वारालाही, ३ बाइट लागतात. 'कोल्हापूर' म्हणजे २७ बाइट. विसाव्या बाइटनंतर सुरी फिरली की 'प' मधोमध चिरतो आणि मागं उरतो कोल्हा. कागल, शिरोळ आखूड म्हणून वाचले.

ही स्क्रिप्ट मी गिटहब या कोड वाटून घ्यायच्या संकेतस्थळावर एमआयटी लायसन्स या मोकळ्या परवान्याखाली ठेवली होती, चुकीसकट. काही महिन्यांनी परदेशातल्या एका अनोळखी माणसाची पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'हा बदल घ्या' अशी विनंती, आली. त्याला मराठीचा गंध नव्हता. पण बाइटऐवजी चिन्हं मोजणाऱ्या दोन ओळी त्यानं घालून दिल्या होत्या. पडद्यावर जुन्या ओळी लाल, नव्या हिरव्या. मी त्या नव्या ओळी मूळ स्क्रिप्टमध्ये मिसळून घेतल्या. ज्यांनी रीपॅक या रीपरच्या स्क्रिप्ट उतरवून देणाऱ्या साधनातून ती घेतली होती त्यांनी पुढच्या वेळी सिंक केलं, म्हणजे ताजी प्रत मागवली, आणि दुरुस्ती घरपोच झाली. पेनड्राइव्हवाल्यांना ती कुठून पोचणार?

विकल्याची माझी तक्रार नाही. एमआयटी लायसन्स विकायलाही मुभा देतं. अट एवढीच की मूळ कॉपीराइटची आणि परवान्याची नोंद सोबत राहिली पाहिजे. इथं नेमक्या त्याच ओळी खोडलेल्या. (मध्येच 'चहा झाल्यावर हे नीट कर' अशी मी स्वतःला लिहिलेली टीप होती, ती तेवढी जशीच्या तशी!) २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत आपल्यासारख्याच चपला कोल्हापूरचं नाव न घेता मिरवल्या तेव्हा अख्खं गाव चवताळलं होतं. माझं नाव गेलं त्याचं मला तेवढं वाटत नाही. पण त्या नावाखालीच रिपॉझिटरीचा, म्हणजे गिटहबवर स्क्रिप्ट ठेवलेल्या जागेचा, पत्ता होता. तोही गेला, आणि कधीच दुरुस्त झालेली चूक या पोरानं पैसे मोजून विकत घेतली.

ध्वनिमुद्रण शिकवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की स्क्रिप्ट खुशाल वाटा, विका, पण परवान्याची फाइल काढू नका आणि पोरांना मूळ पत्ता द्या. गावातल्या स्टुडिओवाल्यांनीही आपापल्या हार्ड डिस्कमध्ये दडवलेल्या स्क्रिप्ट बाहेर काढाव्यात. फक्त गिऱ्हाइकांचे आवाज गिटहबवर चढवू नयेत. ते आपल्या मालकीचे नव्हेत, आणि १०० एमबीच्या वरची फाइल गिटहब तशीही परत पाठवतं.

एक चूक अजून शिल्लक आहे. 'आजरा तालुका विद्यार्थी मंडळ' हे नाव विसाव्या चिन्हावर कापलं की 'आजरा तालुका विद्यार्' असं पाय मोडून लटकतं. परदेशातल्या त्या भल्या माणसाला हे दिसणं शक्यच नव्हतं. त्यासाठी जोडाक्षर कळणारा डोळा लागतो. रिपॉझिटरीत मी ती चूक उघडी नोंदवून ठेवली आहे. गडहिंग्लजचा तो मुलगा सध्या तिच्यामागं लागलाय.

आपला,
एक ध्वनिमुद्रक, मंगळवार पेठ, कोल्हापूर